शेवटची मॅच चौकात

आमच्या गावात रिक्षांच्या मागं 'जगात भारी कोल्हापुरी' असं लिहिलेलं असतं. हल्ली ते वाचलं की माझं डोकं फिरतं. जगात भारी म्हणवणाऱ्यांनी आधी जग कुठं आहे ते तरी बघावं. आमचं जग चौकाच्या अल्याड सुरू होतं आणि पल्याड संपतं. अल्याड आमची पेठ, पल्याड त्यांची. मधल्या चौकात एक चहाची गाडी आणि एक बंद पडलेला सिग्नल आहे, आणि त्या एवढ्याशा जागेत फुटबॉलवरून तीन पिढ्या एकमेकांची डोकी फोडत आल्यात.

मी त्यातलाच. बारा वर्षं आमच्या तालमीच्या, म्हणजे पेठेच्या मंडळाच्या, संघाचा गोलकीपर होतो. माझा पुढचा एक दात पल्याडच्या सेंटर फॉरवर्डच्या गुडघ्यानं गेला. ती रिकामी जागा मी पाव्हण्यारावळ्यांत मेडल दाखवावं तशी दाखवत आलोय. आता उद्यमनगरात माझं एक लेथ मशीन आहे, शाफ्ट, बुश असले यंत्राचे सुटे भाग काढून देतो, दोन वेळचं नीट चालतं. हे आधी सांगतोय, कारण पुढं मी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याचे हात मोडले असते.

वर्ल्ड कप आला की आमच्याकडं गच्च्यांवर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. चौकात मोठा पडदा येतो. त्या देशांचे राखीव खेळाडूसुद्धा पोरांना नावानिशी पाठ असतात. पण आपला देश पात्रता फेरीत कुठल्या गटात आहे, गटात आणखी कोण आहे, किती गुण झालेत, एवढं विचारा. माणूस तुमच्या तोंडाकडं बघत राहतो. "आपलं काय बघायचं, हरत्यात की," म्हणतो आणि मिसळीत पाव बुडवतो. फुटबॉलचं वेड म्हणून आम्ही जे मिरवतो ते फुटबॉलचं नाहीच, पेठेचं आहे. चेंडूच्या जागी नारळ ठेवला तरी आम्ही तेवढ्याच जोरात ओरडू.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना मी तिला आमच्या मैदानावर घेऊन गेलो. घरात भिंतीवर बॉल मारून तिनं दोन ट्यूबलाइट फोडल्या होत्या, तेव्हा म्हटलं मैदानात तरी मारू दे. आमचा जुना कॅप्टन तेव्हा नुकताच तालमीचा अध्यक्ष झाला होता. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हसला.

"पोरीला कुठं आणतोस लेका हितं? हिला भरतनाट्यमला घाल की."

सगळे हसले. मीपण हसलो. पोरगी माझ्या हाताला धरून उभी होती, ती हसली नाही. मी तिला माघारी आणलं आणि येताना भेळ खायला घातली.

पुढचं मला महिन्यानं कळलं. बाथरूममध्ये चिखलानं माखलेले मोजे सापडले म्हणून कळलं. बायको रोज संध्याकाळी तिला स्कूटीवर बसवून पल्याडच्या मैदानावर नेत होती. तिथं पोस्टातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक सर पोरींना फुकट शिकवायचे. म्हणजे ज्याच्या गुडघ्यानं माझा दात गेला, तोच माणूस. बायकोनं विचारल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "पाठवा की. गोलकीपर मिळंना झालाय."

मी घरात आरडाओरडा केला नाही. पण त्या मैदानात पाऊलही टाकलं नाही. आमच्यात तसं करत नाहीत. मॅच असेल तर स्टेडियमवर जाऊन भांडायचं, पण दुसऱ्याच्या मैदानात सरावाला कुणी जात नाही. सहा वर्षं मी तिला त्या मैदानाच्या अलीकडच्या पिंपळाच्या कोपऱ्यापर्यंत सोडत आलो. तिथून ती पळत आत जायची आणि मी गाडी वळवायचो. कुणी बघितलं तर क्लासला सोडलंय म्हणून सांगायचो.

आणि ती पोरगी सोळाव्या वर्षी देशाच्या संघात गेली.

सतरा वर्षांखालच्या मुलींची आशियाई स्पर्धा होती, तिच्या पात्रता फेरीचा गट. गटात चार संघ, प्रत्येकाशी एक मॅच, पहिला येईल तोच पुढं जाणार. मॅचेस परदेशात. जायच्या आदल्या दिवशी तिनं हातमोजे बॅगेत भरले, काढले, परत भरले आणि मला म्हणाली,

"पप्पा, एक काम करा. शेवटची मॅच चौकात लावा."

"कसली?"

"आमची. मोठ्या पडद्यावर. वर्ल्ड कपला लावत्यात तसं. दोन्ही पेठांनी एकत्र बसून बघायची. आमच्या, सरांच्या मैदानावर निम्म्या पोरी आपल्या पेठेतल्या हायत, चोरून येत्यात. त्यांच्या घरच्यांनी बघूदे की."

मी हो म्हटलं. तिनं आजवर माझ्याकडं बूटसुद्धा मागितले नव्हते, ते तिची आई घ्यायची. हे पहिलंच मागणं होतं.

मी कामाला लागलो, हेही खरं आहे, तेवढं माझ्या पदरात घाला. अध्यक्षाकडं तीन चकरा मारल्या. सरांना चहाच्या गाडीवर गाठलं, कारण त्यांच्या पेठेत शिरायला मला अजून लाज वाटत होती. पडदा आमच्या तालमीनं द्यायचा, खुर्च्या त्यांच्या तालमीनं आणायच्या असं ठरलं. पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जावर दोन्ही तालमींच्या सह्या एकाखाली एक झाल्या. तो कागद मी मोबाइलवर फोटो काढून मुलीला पाठवला. तिनं उत्तरात नुसते हातमोजे घातलेले दोन पंजे पाठवले.

पहिली मॅच आम्ही जिंकलो. तिनं पेनल्टी अडवली. दुसरी बरोबरीत सुटली. म्हणजे आमचे चार गुण झाले. यजमान संघानं दोन्ही जिंकून सहा केले होते आणि शेवटची मॅच त्यांच्याशीच होती. जिंकलं तर सात गुण आणि गटात पहिलं, बरोबरी झाली तरी घरी.

पेनल्टीचा फोटो पेपरात आला आणि वरातीमागून घोडी धावू लागली. ज्यांनी तिला सहा वर्षांत कधी हाक मारली नव्हती ते "आपली पोरगी" म्हणू लागले. आमच्या तालमीनं शाहूपुरीतून रातोरात वीस फुटी डिजिटल बोर्ड, म्हणजे फ्लेक्स, करून आणला. 'नाद खुळा, आमच्या पेठेची वाघीण.' वर नेत्यांचे चेहरे, मग अध्यक्ष फोन कानाला लावलेला, मग बत्तीस कार्यकर्ते, सगळे गॉगल घालून. खाली कोपऱ्यात माझी मुलगी. तिचं डोकं कुठल्यातरी परदेशी गोलकीपरच्या धडावर चिकटवलं होतं. छाती हीऽ रुंद आणि दंडावर गोंदण. मी अध्यक्षाला म्हटलं, अरे तिचा एक नीट फोटो माझ्याकडं मागायचास तरी. तो म्हणाला, "घाईत हुतं की. आन फोटूत काय हाय, भावना बघ."

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी पल्याडच्या बाजूनंही बोर्ड लागला. त्यावर एकाही नेत्याचा चेहरा नव्हता. फक्त ती. अकरा वर्षांची असावी, गुडघ्यापर्यंत चिखल, हातमोजे कोपरापर्यंत आलेले, आणि बॉल पोटाशी असा धरलेला की कुणी मागितला तरी देणार नाही. तो फोटो मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. खाली लिहिलं होतं, 'आमच्या मैदानाची पोरगी. उद्या साडेतीन वाजता समद्यांनी चौकात या.' आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ: 'दार लावणाऱ्यांनीसुद्धा.'

आज मी ती ओळ शंभरदा मनात वाचतो आणि मला त्यात आमंत्रणच दिसतं. त्या दिवशी मात्र आमच्या पेठेत कुणी वरची ओळ वाचलीच नाही. तासाभरात माझ्या वर्कशॉपच्या दारात पंधरा-वीस जण आले. अध्यक्ष पुढं.

"तुझ्या पोरीवरनं आपल्या पेठंची आब्रू काढल्या त्यांनी. बघितलास काय?"

"बघितलं."

"मग? गप बसणार हायस?"

मी म्हणायला हवं होतं, की दार आपण लावलं होतं, आणि तू लावलं होतंस. म्हणायला हवं होतं, की त्यांनी खरं तेच लिहिलंय. पण पंधरा-वीस माणसं आपल्याकडं बघत असली की माझ्यासारख्या माणसाचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मला परत बारा वर्षं अंगात घातलेल्या त्या जर्सीचा वास आला. मी मशीन बंद केलं आणि त्यांच्याबरोबर निघालो.

चौकात पडद्याची लोखंडी चौकट उभी झाली होती. पल्याडच्या पोरांनी प्लास्टिकच्या खुर्च्या आणून रचायला घेतल्या होत्या. आमचा घोळका बघून ते थांबले. अध्यक्ष माझ्या कानाशी आला.

"आमी काढला तर राडा हुईल. तुझी पोरगी हाय, बाप हायस तू. तूच काप. बापाला कोण काय म्हनणार?"

माझ्या खिशात सुरी होती. उद्यमनगरात सगळ्यांच्याच असते, तुटक्या हॅक्सॉ ब्लेडला ग्राइंडरवर धार लावून केलेली, पॅकिंगच्या पट्ट्या कापायला. मी शिडीवर चढलो. खालून शिट्ट्या वाजत होत्या. दोऱ्या कापायच्या हे डोक्यात होतं, पण वरची दोरी हाताला येईना, तेव्हा मी कापडालाच सुरी लावली आणि खाली ओढली. कापड टरटर फाटत गेलं. मी मधोमध कापत होतो आणि मधोमध तिचा चेहरा होता, हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. खालचा आरडाओरडा वाढला तसा माझा हात अजून जोरात चालला.

मग व्हायचं तेच झालं. बापाला कुणी काही म्हटलं नाही, पण बाकीच्यांना म्हटलं. आमच्या मॅचसाठी आणलेल्या खुर्च्या एकमेकांच्या डोक्यात घातल्या गेल्या. चहाची गाडी आडवी झाली. सर मध्ये पडायला आले तर त्यांना कुणीतरी ढकललं, ते सिग्नलच्या खांबाला धरून उभे राहिले. ते माझ्याकडं बघत होते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पोलिसांची गाडी आली. पडदा खाली उतरवला. ज्या अर्जावर दोन सह्या होत्या त्यावर तिसरी, साहेबांची, पडली: परवानगी रद्द, चौकात जमायचं नाही.

आणि घरी येऊन मी काय केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. माझा शिडीवरचा व्हिडिओ तालमीच्या ग्रुपवर फिरत होता, खाली कुणीतरी 'विषय हार्ड' लिहून हलगीचा आवाज टाकला होता. लोक माझं नाव घेऊन वाहवा करत होते. बारा वर्षं गोलमध्ये उभा राहून मला तेवढी वाहवा मिळाली नव्हती. मी तो व्हिडिओ माझ्या स्टेटसला ठेवला.

सकाळी बघितलं, तर त्रेसष्ट जणांनी पाहिला होता. यादीत वरून चौथं नाव माझ्या मुलीचं. पोरींना कॅम्पमध्ये रोज तासभर फोन मिळायचा. त्या तासात तिनं बापाचं स्टेटस उघडलं होतं. मी ते पुसून टाकलं, पण पुसून काय होतं? तिला फोन लावला, बंद. मॅचच्या दिवशी फोन काढून घेतात हे मला माहीत होतं, तरी अकरा वेळा लावला.

तीन वाजता बायकोनं चपला घातल्या.

"कुठं?"

"सरांच्यात. टीव्हीवर लावणार हायत ते. पोरी पण येणार हायत." दारात ती वळली. "तुमी बसा तुमच्या पेठेत."

मी चौकाच्या कडेला पायरीवर बसलो आणि मोबाइलवर मॅच लावली. समोर रिकामी लोखंडी चौकट आणि तिच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेला एक पोलीस. नवीन बदलून आलेला असावा. तो म्हणाला, "पावणं, कसली मॅच बघताय?"

"इंडियाची."

"क्रिकेट हाय व्हय आज?"

मी मोबाइलचा आवाज वाढवला. तोंड उघडलं असतं तर मलाच आत टाकलं असतं.

तिकडं परदेशात स्टेडियम भरलं होतं. त्यांच्या पोरींसाठी त्यांची माणसं ढोल घेऊन आली होती. ती गोलमध्ये उभी होती, मोबाइलवर करंगळीएवढी. पहिल्या हाफमध्ये तिनं तीन बॉल अडवले. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला एक गोल बसला. बॉल आपल्याच एका पोरीच्या पायाला लागून वळला, तिचा त्यात काही दोष नव्हता, एका जुन्या गोलकीपरचं म्हणणं म्हणून ऐका. मग आमच्या पोरींनी तो फेडला. एक-एक. शेवटच्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला आणि मी बघितलं, की माझी पोरगी स्वतःचा गोल मोकळा टाकून पूर्ण मैदान पळत पुढं निघालीय.

आणि मोबाइल थांबला. पडद्यावर गोल गोल फिरायला लागलं.

मी तो हापटला, झटकला, वर धरला. चौकाच्या पल्याड, सरांच्या घरातून पोरींचा एकदम आवाज आला, घर उचललं जाईल एवढा. मग तो आवाज मध्येच तुटला. मी पायरीवरून उठलो. रस्ता ओलांडायला वीस पावलं होती. पोलीस म्हणाला, "गडीमाणसांनी पलीकडं जायाचं न्हाय, ऑर्डर हाय." मी त्याचं ऐकलं. त्यानं अडवलं नसतं तरी मी गेलो असतो काय, हे मला अजून सांगता येत नाही.

मोबाइल सुरू झाला तेव्हा मॅच संपली होती. यजमान पोरी नाचत होत्या. आमच्या पोरी गवतावर बसल्या होत्या. बायकोकडून नंतर कळलं, तिनं कॉर्नरवर उडी मारून डोकं लावलं होतं आणि बॉल बारला लागला. तिच्या आयुष्यातला तो क्षण तिच्या मैदानावरच्या बारा पोरींनी आणि तिच्या आईनं बघितला. चौकात हजार माणसं बसली असती. त्या हजारांना मी शिडीवर चढून घरी पाठवलं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. आमच्या घरात तो दांडा मी.

ती चार दिवसांनी रेल्वेनं आली. दोन्ही तालमींनी स्टेशनवर स्वतंत्र हार आणि स्वतंत्र हलग्या आणल्या होत्या. मार खाऊन अक्कल आलेली नव्हतीच. तिनं कुणाचाही हार घातला नाही, आईच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि चालायला लागली. घरात माझ्याशी नीट बोलली. जेवली. रेल्वेत किती गर्दी होती ते सांगितलं. व्हिडिओचा विषय काढला नाही. मी काढायचा प्रयत्न केला, "परवाचं ते..." म्हणून, तर तिनं भाजी वाढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बॅग घेऊन सरावाला निघाली. मी आधीच गाडी बाहेर काढून चालू केली होती. त्या दिवशी पिंपळापाशी थांबायचं नाही, आत जायचं, सरांच्या पाया पडायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. तसं तिला सांगितलंही.

"नको पप्पा. मी चालत जाईन."

"अगं, मी आत येतोय आज. सगळ्यांसमोर माफी मागतो."

ती बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट करत राहिली. मग रागावून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"मॅचच्या आदल्या दिवशी तुमचं स्टेटस बघत हुतो आमी. रूममधल्या समद्या पोरी हुत्या. कोच मॅडमपण आल्या. त्यांनी इचारलं, तुझा फोटो का फाडायलाय हा माणूस? कोण हाय?"

"मग?"

"मी म्हटलं, मी ओळखत न्हाय."

ती गेली. चौक ओलांडून पल्याड गेली तेवढं दिसलं. गाडी तशीच चालू होती. ती बंद करायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. शेवटी बायकोनं बाहेर येऊन किल्ली फिरवली.